एनडीपीएस कायदा आणि नागरी स्वातंत्र्य

गुंगीकारक औषधिद्रव्ये आणि मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम, १९८५ हा अमली पदार्थांविषयीचा भारतातील मुख्य कायदा. तो १४ नोव्हेंबर १९८५ रोजी अमलात आला. तोपर्यंत गांजा परवान्याच्या दुकानांत मिळत असे. १९६१ च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार त्याचे बिगरवैद्यकीय सेवन ठरावीक मुदतीत थांबवणे भारतावर बंधनकारक होते. नव्या कायद्याने गांजा व चरस निषिद्ध ठरले. शेंड्यांविना असलेली पाने व्याख्येबाहेर राहिल्याने भांगेचे नियमन राज्यांकडेच राहिले.

एरवी गुन्हा सिद्ध करण्याची जबाबदारी सरकारपक्षाची असते. येथे कलम ३५ आरोपीचा दोषी हेतू गृहीत धरते आणि तो नव्हता हे वाजवी शंकेपलीकडे सिद्ध करण्याचा भार आरोपीवरच टाकते. कलम ३७ त्याहून कठोर आहे. मुद्देमाल व्यापारी मात्रेत असेल (गांजा २० किलोंपेक्षा, हेरॉइन २५० ग्रॅमपेक्षा जास्त), तर आरोपी निर्दोष असल्याचे मानण्यास वाजवी कारण आहे आणि जामिनावर असताना तो गुन्हा करणार नाही, अशी न्यायालयाची खात्री पटल्याशिवाय जामीन नाही. खटल्याआधीच निर्दोषत्वाचा अंदाज मागणारी ही अट अन्यायकारक आहे. खटला रेंगाळला की कच्ची कैद हीच शिक्षा होऊन बसते. त्यातच हिरा सिंग खटल्यात (२०२०) सर्वोच्च न्यायालयाने मिश्रणातील भेसळीचेही वजन धरायला सांगितल्याने अल्प अंश बाळगणाराही मोठ्या मात्रेत मोजला जाऊ शकतो.

संरक्षणे आहेत, पण तोकडी. अंगझडती राजपत्रित अधिकारी किंवा दंडाधिकाऱ्यासमोर व्हावी, अशी मागणी करण्याचा हक्क कलम ५० देते. हातातल्या पिशवीच्या झडतीला तो लागू नाही. तपास अधिकाऱ्यांपुढील कबुलीजबाब पुराव्यात चालणार नाही, हा तोफान सिंग निकाल यायला २०२० उजाडले. पुन्हा केलेल्या काही गुन्ह्यांसाठीची सक्तीची फाशी मुंबई उच्च न्यायालयाने २०११ मध्ये अग्राह्य ठरवली. २०१४ च्या दुरुस्तीने ती न्यायाधीशाच्या विवेकावर सोपवली.

पोर्तुगालने २००१ पासून वैयक्तिक सेवनापुरता साठा फौजदारी कक्षेबाहेर काढला. विक्री तेथेही गुन्हाच आहे, पण सेवन करणाऱ्याची गाठ न्यायालयाऐवजी समुपदेशन मंडळाशी पडते. भारतात स्वेच्छेने उपचार घेणाऱ्या व्यसनाधीनाला कलम ६४-अ खटल्यापासून सूट देते. मात्र कलम २७ खाली सेवन अद्याप गुन्हा असून त्यासाठी एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते.