जिभेखालच्या गोळीची कुळकथा

डेटॉल आणि रॉबिन नीळ ज्या रेकिट अँड कोलमन कंपनीमुळे आपल्या घरात आली, तिची इंग्लंडातल्या हल या बंदराच्या गावी प्रयोगशाळा होती. तिथे १९६६ साली जॉन लुईस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अफूतल्या थेबाइनपासून ब्युप्रेनॉर्फिन घडवलं. व्यसन सोडवणं त्यांच्या डोक्यात नव्हतं. त्यांना हवं होतं मॉर्फिनइतकं जोरकस, पण सवय न लावणारं वेदनाशामक. याच कुळातलं थोरलं भावंड एटॉर्फिन. हत्ती-गेंड्यांना गुंगी आणायला ते वापरतात. धाकट्याचा स्वभाव निराळा निघाला.

हेरॉइनची मात्रा वाढेल तसा श्वास मंदावत जातो, शेवटी थांबतो. ब्युप्रेनॉर्फिन मेंदूतल्या हेरॉइनच्याच जागांना घट्ट चिकटतं, पण त्यांना अर्धवटच चेतवतं. एका मर्यादेपुढे मात्रा वाढवली तरी श्वासावरचा परिणाम फारसा वाढत नाही. तलफ शमते, नशेची लाट येत नाही आणि वर हेरॉइन घेतलं तर त्याला बसायला जागा नसते. गिळली तर यकृत ही गोळी बरीचशी निकामी करतं, म्हणून ती जिभेखाली विरघळू द्यायची. पहिली गोळी मात्र जपून द्यावी लागते. अंगात हेरॉइन असताना दिली तर ती त्याला हुसकावते आणि रुग्णाला एकदम टर्की, म्हणजे नशा तुटल्याचा त्रास, लागते: जांभया, गळणारं नाक, मोडून आलेलं अंग. म्हणून टर्की सुरू होईपर्यंत थांबायचं.

व्यसन सोडवण्यासाठीचा हा उपयोग १९७८मध्ये अमेरिकेत केंटकी राज्यातल्या लेक्सिंग्टनच्या संशोधन केंद्रातल्या डोनाल्ड जासिन्स्की यांनी मांडला. त्या केंद्रात वर्षानुवर्षं कैद्यांवर प्रयोग झाले होते. या शास्त्रावरचं त्या कैद्यांचं ऋण मला फार मोठं वाटतं.

गोळीला खरं घर मिळालं फ्रान्समध्ये. तिथे एड्सची साथ नशेच्या सुयांमधून पसरत होती. म्हणून १९९६पासून तिथल्या कुठल्याही फॅमिली डॉक्टरला वेगळ्या प्रशिक्षणाशिवाय ती लिहून देता येऊ लागली. काहींनी ती विरघळवून टोचूनही घेतली, हे खरं. तरी १९९५ ते १९९९ या काळात हेरॉइनच्या अतिमात्रेने होणारे मृत्यू ७९ टक्क्यांनी घटले. सर्दी-तापाला जिथे जायचं, त्याच दवाखान्यात माणूस व्यसनासाठीही जाऊ लागला. मला यातलं सर्वांत मोलाचं हेच वाटतं.

अमेरिकेने व्यसनावरच्या या गोळीला २००२मध्ये मान्यता दिली, पण डॉक्टरला आठ तासांच्या प्रशिक्षणाची आणि खास परवान्याची अट घातली, सुरुवातीला फक्त तीस रुग्णांची मर्यादाही. व्यसन लावणाऱ्या वेदनाशामकांना असा खास परवाना लागत नव्हता. हा अन्याय दूर व्हायला २०२२चा डिसेंबर उजाडला.

आपल्याकडे पंजाबात २०१७पासून सरकारी बाह्यरुग्ण केंद्रांत ही गोळी रोज कर्मचाऱ्यांसमोर जिभेखाली ठेवावी लागे. २०२०च्या टाळेबंदीत रोज येणं अशक्य झालं, तेव्हा अनेक दिवसांच्या गोळ्या रुग्णांच्या हाती सोपवून त्यांना घरी पाठवलं गेलं.