मत्स्यालयातील माशांचा मेळ

मत्स्यालयातील माशांचा मेळ : एकाच टाकीत निरनिराळ्या जातींचे मासे एकमेकांना इजा न करता, पोटभर खाऊन आणि पूर्ण आयुष्य जगून नांदतील अशी त्यांची निवड. गोड्या पाण्याचे मध्यम घरगुती मत्स्यालय साधारण १०० ते २०० लिटरचे असते. तीन फुटी टाकी (९० × ३८ × ४५ सेंमी.) काठोकाठ सुमारे १५० लिटरची भरते, वाळू, दगड आणि वरची मोकळी जागा वगळता तिच्यात १२५ ते १३० लिटर पाणी राहते.

पाणी : मासे निवडण्याआधी घरचे पाणी तपासावे. दख्खनच्या काळ्या पाषाणातले बोअरचे पाणी बहुधा जड आणि अल्कधर्मी असते. गप्पी, मॉली, प्लॅटी व स्वोर्डटेल यांना ते मानवते. ॲमेझॉन खोऱ्यातून आलेल्या निऑन टेट्राला मात्र मऊ, किंचित आम्लधर्मी आणि २४ ते २६ अंश सेल्सिअसचे पाणी लागते. गोल्डफिशला याहून थंड पाणी रुचते. तो २० सेंमी.पर्यंत वाढतो आणि पाणी फार लवकर घाण करतो. म्हणून त्याला उष्ण प्रदेशातील माशांसोबत ठेवू नये.

स्वभाव आणि आकार : ‘शांत’ मासाही तोंडात मावणारा जीव गिळतो. निऑन जेमतेम तीन-चार सेंमी.चा व सडपातळ असतो. पूर्ण वाढलेल्या एंजलला तो सहज गिळता येतो. टायगर बार्ब दोन-तीनच असले, तर एंजल किंवा गुरामी यांच्या लांब परांचे लचके तोडतात. आठ-दहाच्या थव्यात त्यांची चढाओढ बरीचशी आपसातच चालते, तरीही लांब परांचे संथ मासे त्यांच्यापासून दूर ठेवणेच योग्य. फायटरचे दोन नर एका टाकीत कधीही ठेवू नयेत. गप्पीच्या नराची झुलती शेपटीही फायटरला चिथावते.

दुकानात दिसणारा मासा बहुतेक वेळा पिल्लू असतो. निवड त्याच्या पूर्ण वाढीवरून करावी. शेवाळ खाण्यासाठी बोटभर लांबीचा म्हणून आणलेला सकर ३० सेंमी.पेक्षा मोठा होतो. ‘शार्क’ या नावाने विकला जाणारा पंगस जातीचा मासा एक मीटरपर्यंत वाढू शकतो. हे दोन्ही मासे तीन फुटी टाकीचे नव्हेत.

थर : पृष्ठभाग, मधला भाग आणि तळ अशी विभागणी केल्यास गर्दी जाणवत नाही. तळाचा कोरिडोरस हा थव्याने राहणारा मासा आहे. किमान सहा असावेत. मिशांनी वाळू चाचपत तो खाद्य शोधतो. टोकदार खडीने त्या मिशा झिजतात, म्हणून तळाला बारीक, गुळगुळीत वाळू घालावी. वरच्या माशांचे उरलेसुरले त्याला पुरत नाही; बुडणारे खाद्य वेगळे द्यावे लागते.

नमुन्याचे मेळ : मऊ पाण्याच्या १३० लिटर टाकीत १२ निऑन टेट्रा, ६ कोरिडोरस व हनी गुरामीची एक जोडी सुखाने राहते. जड पाण्यात ४ नर व ८ माद्या असे १२ प्लॅटी पुरेसे होतात. एका नरामागे दोन माद्या असल्या की पाठलागाचा त्रास विभागला जातो. माद्या साधारण महिन्याला पिल्ले घालतात. ती नको असल्यास फक्त नर ठेवावेत.

मासे सोडण्याचा क्रम : नव्या टाकीत विष्ठेतून निघणाऱ्या अमोनियाचे नायट्राइटमध्ये व पुढे नायट्रेटमध्ये रूपांतर करणारे जिवाणू रुजायला बहुधा चार ते सहा आठवडे लागतात. अमोनिया व नायट्राइट शून्यावर आल्यावरच मासे थोडे थोडे आणावेत; आक्रमक जात शेवटी सोडावी. नवा मासा दोन ते चार आठवडे वेगळ्या टाकीत ठेवल्यास पांढऱ्या ठिपक्यांचा रोग मुख्य टाकीत येण्याचा धोका बराच कमी होतो.

निसर्गाशी नाते : सह्याद्रीतील नद्यांमध्ये आढळणारा झेब्रा लोच आणि केरळ-कर्नाटकातील डेनिसन बार्ब हे मत्स्यालयांत लोकप्रिय असले तरी संकटग्रस्त आहेत. ते हवेच असतील तर पैदास केंद्रातलेच घ्यावेत. न जुळलेला मासा दुकानदाराला परत करावा किंवा मोठी टाकी असलेल्याला द्यावा. नदी-तलावात तो कदापि सोडू नये. असाच बाहेर पडलेला सकर आज भारतातील अनेक जलाशयांत पसरला असून, त्याच्या काटेरी परांनी मच्छीमारांची जाळी फाटतात.