नदीचे पंचांग

मृग नक्षत्राच्या आसपास पहिला पाऊस पडला की शेताच्या बांधावर मखमली तांबडा किडा फिरताना दिसतो. त्याला आपण मृगाचा किडाच म्हणतो. त्याच सुमारास संध्याकाळी दिव्याभोवती पंख फुटलेल्या वाळवीची झुंबड उडते, आणि कोकणात ओढ्याच्या धारेला उलटे चढणारे वलगणीचे मासे धरायला माणसे रात्री कंदील घेऊन बाहेर पडतात. किडा, पाऊस आणि मासा यांची ही सांगड आपल्या शेतकऱ्याला छापील पंचांग न उघडता कळते. असेच एक पंचांग अमेरिकेतल्या एका डोंगरी मुलखात नदीकाठच्या लोकांनी गेल्या सव्वाशे वर्षांत तयार केले. त्याचा इतिहास आज आपल्यापुढे ठेवायचा आहे.

कामगार संघटनेच्या माणसाने मासेमारीच्या हौसेवर बोलावे, याचे कोणाला नवल वाटेल. आम्ही जन्मात कधी गळ टाकलेला नाही. आमचे शालेय शिक्षण लवकर सुटले. पुढचे सारे सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर झाले, आणि तेथे विषयाचे बंधन नसते. परंतु या गोष्टीत शिरलो तेव्हा पानोपानी आमचीच माणसे भेटत गेली. कातडी कमावणारे मजूर, आगगाडीचे ब्रेकवाले, टपाल कचेरीतला कारकून, पिसे बांधून पोट भरणारी नवराबायको. साहेबांच्या हौसेचा म्हणून जो इतिहास सांगितला जातो, तो बराचसा या हातांनी घडवलेला आहे.

हा मुलूख म्हणजे न्यूयॉर्क शहरापासून वायव्येस सुमारे शंभर मैलांवरचा कॅट्सकिल डोंगर. बीव्हरकिल, विलोविमॉक, नेव्हरसिंक, इसोपस, स्कोहॅरी आणि डेलावेअरचे दोन फाटे एवढ्या नद्या तेथून निघतात. पाणी थंड, तळ दगडगोट्यांचा, ओढ भरपूर. त्यांत ट्राउट नावाचा मासा राहतो. (आपल्याकडे काश्मीरमध्ये तो इसवी सन १९०० च्या सुमारास ब्रिटनमधून आणला गेला.) ट्राउटचे मुख्य अन्न पाण्यातले किडे, आणि त्यांत मानाची जागा मेफ्लाय नावाच्या नाजूक माशीची.

या माशीचे आयुष्य मोठे विलक्षण आहे. अंड्यातून निघालेले पिल्लू बहुधा वर्षभर तळाच्या दगडांना धरून राहते. मग ठरलेल्या हंगामात वर येऊन कात टाकते, पंख पसरते आणि उडून झाडावर बसते. तेथे ते पुन्हा एकदा कात टाकते. पंख फुटल्यावर कात टाकणारा दुसरा कीटक जगात नाही. या अवस्थेत तिला खाण्याजोगे तोंडच नसते. एकदोन दिवसांत जोडी जमते, मादी पाण्यावर अंडी सोडते आणि संपते. एका जातीच्या हजारो माशा एकाच वेळी पाण्यातून वर येतात, त्याला आम्ही उठाव म्हणतो. दुसरा नेमका शब्द आम्हांस सापडला नाही, आणि आमच्या धंद्याला तो साजतोही. उठाव झाला की ट्राउट इतर सारे सोडून तीच माशी टिपू लागतो. गळवाला मग गळावर पिसे आणि रेशमी दोरा बांधून हुबेहूब तशीच नकली माशी करतो. मराठीत ‘माशांचा हंगाम’ म्हटले तर मासे की माशा, हे पुढचे वाक्य ऐकल्याशिवाय कळत नाही. ट्राउटचीही फसगत काहीशी अशीच होते.

आता पंचांग. एप्रिलच्या मध्यास, वितळलेल्या बर्फाचे पाणी ओसरू लागले आणि दुपारी नदीचा पारा ५० अंश फॅरनहाइटच्या, म्हणजे १० अंश सेल्सिअसच्या, आसपास गेला की जोरदार प्रवाहातून राखी रंगाची एक माशी वर येते. तिची नक्कल म्हणजे क्विल गॉर्डन. एप्रिलअखेरीस आणि मेच्या पहिल्या पंधरवड्यात हेंड्रिक्सन. हिची वेळ दुपारी दोनची. पाळीवरच्या माणसासारखी ती हजेरी लावते. मेच्या उत्तरार्धात मार्च ब्राउन. हे नाव इंग्लंडातल्या दुसऱ्याच माशीचे, म्हणून महिना चुकलेला. हिला शिस्त नाही, दिवसभर एकेक करून येते. मे आणि जून यांच्या सांध्यावर, कलत्या उन्हात, मोठी हिरवट ग्रीन ड्रेक. पुढे ती पांढरे पोट घेऊन अंडी घालायला परतते, तेव्हा तिला शवपेटीची माशी म्हणतात. जूनमध्ये फिकट पिवळी लाइट काहिल. जुलै-ऑगस्टात पाणी आटते. पारा ७० फॅरनहाइटच्या पलीकडे गेला की ट्राउटचा जीव घुसमटतो आणि तो थंड झऱ्यांच्या तोंडाशी गोळा होतो. जाणता माणूस तेव्हा गळ गुंडाळून ठेवतो. सप्टेंबरात पुन्हा बारीक माशांचे दिवस येतात, आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात ट्राउट अंडी घालतो. थंडी लांबली की तारखा पुढे जातात, वसंत लवकर आला की मागे येतात. क्रम मात्र सहसा मोडत नाही.

महिन्यावार माशा सांगण्याची रीत जुनी आहे. १४९६ साली वेस्टमिन्स्टर येथे छापलेल्या एका इंग्रजी ग्रंथात बारा माशांची अशी यादी आहे. पण ती इंग्लंडच्या नद्यांची. कॅट्सकिलला स्वतःचे पंचांग का लागले, हे समजायचे तर माशी बाजूला ठेवून कातड्याकडे जावे लागेल.

कातडे कमावायला झाडाची साल लागते. आपल्याकडे बाभळीची आणि तरवडाची वापरत. कॅट्सकिलमध्ये हेमलॉक नावाच्या सूचिपर्णी वृक्षाची. त्याची गर्द सावली नद्यांवर धरलेली असे. एकोणिसाव्या शतकात तेथे टॅनऱ्यांची रांगच उभी राहिली. कातडी येत थेट दक्षिण अमेरिकेतून, कारण टनांवारी साल डोंगराबाहेर नेण्यापेक्षा कातडी डोंगरात आणणे मालकांना स्वस्त पडे. १८२४ साली झॅडॉक प्रॅट नावाचा मालक स्कोहॅरीकाठी आला आणि त्याने प्रचंड टॅनरी उभारली. गावालाही त्याचेच नाव पडले, प्रॅट्सव्हिल. साल सोलण्याचा हंगाम मे ते ऑगस्ट, झाडात रस चढलेला असताना. म्हणजे नदीवर माशी उठत असे नेमक्या त्याच दिवसांत काठावर कुऱ्हाडी चालत. साल काढून घेत आणि बहुतेक खोडे जागीच कुजत. सोलणाऱ्यांत आणि कुंडांवर राबणाऱ्यांत आयर्लंडातून आलेले गरीब लोक पुष्कळ होते. मालकाने गावाबाहेरच्या कड्यावर आपली स्मारकचित्रे कोरून घेतली, त्यांत हेमलॉकचे झाडही आहे. सालाअभावी टॅनऱ्या बंद पडल्या, मजूर पांगले. खडकावरचे झाड तेवढे शाबूत आहे.

सावली गेली, पाणी तापले, कुंडांची घाण ओढ्यांत उतरली. मूळचा ब्रुक ट्राउट अतिशय थंड पाण्याचा मासा. तो खालच्या नद्यांतून हटला. १८८३ साली जर्मनीतून ब्राउन ट्राउटची अंडी न्यूयॉर्क राज्यात आली. फॉन बेर या सरदाराने ती पाठवली आणि फ्रेड मॅदर याने लाँग आयलंडवरील कोल्ड स्प्रिंग हार्बर येथे ती उबवली. त्याच दशकात हा मासा कॅट्सकिलच्या नद्यांत सोडण्यात आला. त्याला थोडे उबदार पाणी चालते, पण तो फार सावध. ब्रुक ट्राउट भडक रंगाच्या कोणत्याही पिसाला भुलत असे. हा नवा पाहुणा पाण्यावर जी माशी उठली असेल तीच मागू लागला. टॅनरीने नदी बदलली, नदीने मासा बदलला, आणि माशाने माणसाला किडे ओळखायला बसवले. कॅट्सकिलची नामांकित माशी अशी सालीच्या ढिगातून निघाली आहे.

त्याच १८८३ साली, कॅट्सकिलच्या उत्तरेस वनिऑन्टा या रेल्वेच्या गावी, गाडीच्या डब्यात बसून ब्रेकवाल्यांनी आपली संघटना स्थापन केली. त्या काळी धावत्या मालगाडीच्या टपावरून पळत जाऊन हाताने चाक फिरवून ब्रेक लावावा लागे. हातपाय आणि जीव गमावणे नित्याचे. असाच एक ब्रेकवाला पोर्ट जर्व्हिसचा डॅन काहिल. त्याची एक गोष्ट सांगतात. जिवंत ट्राउटचे डबे नेणारी गाडी वाटेत अडकली आणि मासे तडफडू लागले. तेव्हा काहिलने सोबत्यांना घेऊन ते डबे वाहून नेले आणि मासे जवळच्या ओढ्यात सोडले. जूनमधल्या फिकट माशीचे नाव त्याच्यावरून पडले आहे.

थिओडोर गॉर्डन याचे नाव या विषयात सर्वांत मोठे. जन्म १८५४, पिट्सबर्गचा. क्षयाने पोखरलेला हा माणूस नेव्हरसिंकच्या काठी राहून माशा बांधून विकत असे. १८९० साली त्याने इंग्लंडातले प्रख्यात तज्ज्ञ हॅल्फर्ड यांना पत्र लिहिले. त्यांनी उत्तरासोबत आपल्या तरंगत्या माशांचा एक संच पाठवला. गॉर्डनच्या ध्यानात आले की या माशा इंग्लंडातल्या संथ, चुनखडीच्या पाण्यासाठी केलेल्या आहेत; त्या कॅट्सकिलच्या खळखळाटात तगणार नाहीत, आणि येथले किडेही निराळे आहेत. त्याने आपल्या नदीचे किडे पाहून, कोंबड्याच्या मानेची ताठ पिसे वापरून नवी माशी बांधली. पुस्तकापेक्षा समोरचे पाणी खरे मानण्याचा हा बाणा आम्हांस फार आवडतो. १ मे १९१५ रोजी तो वारला. त्याची विद्या लिबर्टी गावच्या टपाल कचेरीतल्या रॉय स्टीनरॉडला मिळाली, आणि त्याने १९१६ साली हेंड्रिक्सन बांधली. तिला नाव मिळाले ते मात्र त्याच्या एका श्रीमंत मित्राचे.

सगळ्यांनाच विद्या अशी मिळत नसे. १९२० नंतरच्या दशकाच्या अखेरीस रॉस्को गावचा वॉल्ट डेट हा तरुण नेव्हरसिंकच्या रूब क्रॉसकडे माशी बांधणे शिकायला गेला. क्रॉसने साफ नकार दिला. आपल्या कारखान्यांतही यंत्राचे सेटिंग करताना जुना मिस्त्री पाठ फिरवून उभा राहतो. पोटाचे गुपित कोण सांगणार? मग वॉल्ट आणि त्याची पत्नी विनी यांनी क्रॉसच्याच माशा विकत घेतल्या आणि घरी बसून एकेक उलटी सोडवली. दोऱ्याचे वेढे किती, पीस कोठे अडकवले, कोणते आधी, कोणते नंतर, हे टिपून घेतले आणि तसेच पुन्हा बांधले. या धंद्यावर त्यांनी जन्म काढला. पुढे त्यांची मुलगीही त्यातच आली. तासन्‌तास वाकून केलेल्या या कामाला कारागिरी म्हणायचे की हौस, याचा निर्णय विकत घेणारे करीत असतात. चांगले पाणीही त्यांच्याच ताब्यात गेले होते. १८७० नंतर शहरी धनिकांच्या क्लबांनी वरच्या नद्यांचे काठ विकत घेतले, आणि गावच्या माणसाला आपल्याच ओढ्यावर मज्जाव झाला. राज्य सरकारने सार्वजनिक मासेमारीसाठी काठाचे हक्क घेण्यास आरंभ केला तो १९३५ मध्ये.

त्याच १९३५ साली प्रेस्टन जेनिंग्ज याने अमेरिकन माशांचा शास्त्रीय ग्रंथ काढला. १९४७ साली आर्ट फ्लिक या खाणावळवाल्याने स्कोहॅरीकाठी तीन हंगाम किडे गोळा करून खिशात मावेल असे पुस्तक लिहिले. कोणती माशी कोणत्या आठवड्यात उठते, हे सामान्य माणसाला प्रथम त्यातून नीट कळले. आम्ही वर दिलेले पंचांग थोडेफार त्यातलेच.

पण पंचांग छापून झाले तोवर नदी पुन्हा बदलू लागली होती. न्यूयॉर्क शहराला पाणी हवे होते. १९०७ पासून इसोपसवर अशोकन धरणाचे काम चालले. सुमारे दोन हजार माणसे उठवली गेली, अडीच हजारांहून अधिक थडगी उकरून हलवली गेली. बांधणाऱ्यांत इटलीतून आलेले आणि दक्षिणेतले काळे मजूर होते. मग स्कोहॅरी, १९५० नंतर नेव्हरसिंक आणि डेलावेअरचा पूर्व फाटा, १९६४ साली पश्चिम फाट्यावर कॅननस्व्हिल. गॉर्डनची नेव्हरसिंक बरीचशी जलाशयाखाली गेली. मुळशीच्या धरणाविरुद्ध १९२१ साली सेनापती बापटांनी सत्याग्रह केला, त्या प्रदेशातल्या माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही. शहापूर तालुक्यातल्या तलावांचे पाणी मुंबईला जाते आणि तेथल्या पाड्यांनी वर्षानुवर्षे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहिली. न्यूयॉर्कच्या नळाला फार चांगले पाणी येते म्हणतात. येतच असेल.

आरंभीच्या काळात शहराला हवे तेव्हा दरवाजे बंद होत आणि खालच्या नदीचे दगड उघडे पडत. वर्षभर तळाशी राहणारी माशीची पिल्ले तेथेच वाळून जात. गळवाले आणि काठावरची गावे भांडत राहिली, आणि १९७६ साली राज्याने कायदा करून पाणी सोडण्यावर नियम घातले. त्यातून एक चमत्कारिक गोष्ट घडली. कॅननस्व्हिलच्या तळातून सुटणारे पाणी भर उन्हाळ्यातही थंडगार असते. त्यामुळे पश्चिम फाट्याच्या खालच्या अंगाला, जेथे पूर्वी उन्हाळ्यात पाणी तापत असे, तेथे उत्तम ट्राउट नदी तयार झाली. इतरत्र जूनमध्ये आटोपणारी सल्फर नावाची पिवळी माशी तेथे जुलै-ऑगस्टच्या दुपारीही उठत राहते. फ्लिकच्या पुस्तकात हा महिना तिच्या नावावर नाही. तेथले वाटाडे सकाळी उठून आधी धरणातून किती पाणी सोडले तो आकडा पाहतात, आणि मग डबीतून माशी निवडतात. कॅननस्व्हिल हे त्या जलाशयात बुडालेल्या एका गावाचे नाव.