हाकेला उपग्रहाची ओ

ऑक्टोबर 1972मध्ये अलास्कात अमेरिकी काँग्रेसचे सदस्य हेल बॉग्ज आणि निक बेगिच यांचे छोटे विमान बेपत्ता झाले. 39 दिवस शोध चालला, पण अवशेषही सापडले नाहीत. निर्जन प्रदेशात विमान आपोआप संकटसंदेश देत नसेल, तर मोठी शोधमोहीमही हतबल ठरते, हे या घटनेने दाखवले. त्या काळी 121.5 मेगाहर्ट्झवर संकटसंदेश देणारी यंत्रे होती, पण त्यांची हाक जवळून जाणाऱ्या विमानाने ऐकली तरच उपयोग.

उपग्रहाने ही अडचण सोडवली. पुढे सरकणाऱ्या उपग्रहाला जमिनीवरून येणाऱ्या संदेशाची वारंवारता बदलत गेलेली जाणवते. या डॉप्लर परिणामावरून प्रेषकाचे ठिकाण काढता येते. 1979मध्ये अमेरिका, कॅनडा, फ्रान्स आणि सोव्हिएत संघ यांनी मिळून उपग्रहांनी असे संकटसंदेश टिपण्याची ‘कोस्पास-सारसॅट’ योजना आखली. शीतयुद्धाच्या ऐन भरात हे सहकार्य टिकले, ही त्या काळातली खरोखर थोर गोष्ट होय. सप्टेंबर 1982मध्ये सोव्हिएत उपग्रहाने टिपलेल्या संदेशामुळे कॅनडातील ब्रिटिश कोलंबियात कोसळलेल्या विमानातील तिघे वाचले.

पुढे 406 मेगाहर्ट्झची डिजिटल यंत्रे आली. प्रत्येक यंत्राचा स्वतंत्र ओळखक्रमांक संदेशासोबत जातो, म्हणून प्रवासापूर्वी नोंदणी करणे महत्त्वाचे ठरले. 2009पासून उपग्रहांनी जुन्या वारंवारतेवरील संदेश घेणे थांबवले. खिशात मावणारी यंत्रे अमेरिकेत 2003पासून सर्वत्र वापरता येऊ लागली. या जाळ्यात भारतही आहे. भारताचे नियंत्रण केंद्र बंगळुरूला इस्रोकडे आहे.