मांडवा किती लांब आहे?

मांडवा हे गाव मुंबईकराला दोन कारणांनी माहीत असतं. एक, अलिबागला जाताना लाँच तिथे लागते. आणि दुसरं, अर्थातच, 'अग्निपथ'.

गेटवेहून लाँच पकडली तर साधारण तासाभरात मांडवा जेट्टी येते. पावसाळ्यात या लाँच बंद असतात, पण २०२० पासून भाऊच्या धक्क्याहून रो-रो सुरू झाली आहे, त्यामुळे गाडी पोटात घालूनही जाता येतं. हवा स्वच्छ असेल तर मांडव्याच्या किनाऱ्यावरून मुंबईच्या इमारती दिसतात. म्हणजे गंमत बघा. ज्या गावी परत जायला विजय दीनानाथ चौहानला अख्खा पिक्चर लागतो, ते गाव समोर दिसतंय! चिप्सचं एक पाकीट आणि मागे लागलेले सीगल्स, एवढाच काय तो प्रवास.

तरीही थिएटरमध्ये बसलेल्या कोणालाच 'अरे, मग लाँचने जा ना' असं वाटत नाही. का वाटत नाही, यावर मी बराच विचार केला आहे (वीकेंडला आम्ही असलेच उद्योग करतो). माझं उत्तर असं की सस्पेन्स म्हणजे 'काय होणार' हा प्रश्नच नाही. काय होणार ते आपल्याला बहुतेक वेळा माहीत असतं. सस्पेन्स म्हणजे 'कधी'. आणि माझ्या मते कॅमेरा आपल्याला 'कुठे' ते सांगतो, 'कधी' हे सांगायचं काम मात्र आवाज करतो.

१९९० च्या 'अग्निपथ'मधला कमिशनर गायतोंडेंच्या ऑफिसातला सीन आठवा. समोर विक्रम गोखले. अमिताभ स्वतःची ओळख करून देतो ती एखादा सरकारी फॉर्म भरावा तशी: नाव, बापाचं नाव, आईचं नाव, गाव, वय. पण वय सांगताना तो ३६ वर्षांवर थांबत नाही. महिने सांगतो, दिवस सांगतो, वर आज कितवा तास चालू आहे तेही सांगतो. आमच्या भाषेत टाइमस्टॅम्प! आणि त्याच सीनमध्ये आज आपली मृत्यूशी अपॉइंटमेंट आहे असंही सांगून टाकतो. झालं, आपण कामाला लागलो. आता तो साधा गाडीत बसला तरी आपण घड्याळ बघतोय.

हिचकॉकने त्रुफॉला मुलाखतीत टेबलाखालच्या बॉम्बचं उदाहरण दिलं होतं ते हेच. बॉम्ब अचानक फुटला तर प्रेक्षक काही क्षण दचकतो. बॉम्ब आहे आणि तो एक वाजता फुटणार हे आधीच सांगितलं, आणि भिंतीवरच्या घड्याळात पाऊण वाजलेला दाखवला, तर टेबलावरच्या फालतू गप्पासुद्धा ऐकवत नाहीत. लोक हे उदाहरण नेहमी हिचकॉकच्या नावावर सांगतात, आणि ते बरोबरच आहे. पण भिंतीवरचं घड्याळ आपल्याकडे त्याच्याही आधीपासून टिकटिक करत होतं, आणि तेही पुण्यात.

१९३७ चा 'कुंकू'. प्रभात, व्ही. शांताराम. ना. ह. आपटे यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवरचा. निराचं (शांता आपटे) लग्न फसवून एका म्हाताऱ्या वकिलाशी, काकासाहेबांशी (केशवराव दाते) लावलं जातं. या सिनेमात पार्श्वसंगीत नाही. गाणी आहेत, पण सीनखाली व्हायोलिनं वाजवून 'आता घाबरा', 'आता रडा' अशी सूचना देणारं संगीत शांतारामबापूंनी ठेवलंच नाही. जे ऐकू येतं ते त्या घरातलं, रस्त्यावरचं. आणि त्या घरात एक जुनं भिंतीवरचं घड्याळ आहे. घर शांत झालं की त्याची टिकटिक मोठी वाटायला लागते. खरं तर टिकटिक तेवढीच असते, बाकीचं सगळं गप्प झालेलं असतं. हा थ्रिलर नव्हे, सामाजिक चित्रपट. पण म्हाताऱ्याचा वेळ संपत आलाय आणि पोरीचा वाया चाललाय, हे दोन्ही एकाच आवाजात सांगून होतं. बोलपट येऊन तेव्हा जेमतेम सहा वर्षं झाली होती, हे लक्षात घ्या. तंत्र हातात आल्या आल्या लोक ते मनसोक्त वापरतात. इथे एक माणूस ते वापरायचं नाही असं ठरवतो. मला याचं फार अप्रूप वाटतं.

त्याच शांतारामांनी १९३४ मध्ये 'अमृतमंथन'मध्ये उलट दिशेने प्रयोग केला होता, कॅमेऱ्याचा. राजा बळी देण्याची प्रथा बंद करतो आणि राजगुरू त्याच्याविरुद्ध कट रचतो. त्या राजगुरूचा नुसता डोळा, टेलिफोटो लेन्स लावून पडदाभर. हिंदीत चंद्रमोहन, मराठीत पुन्हा केशवराव दाते. एवढ्या जवळून डोळा दिसला की तो कोणाकडे बघतोय ते दिसत नाही. म्हणजे तो आपल्याकडेच बघतोय! क्लोजअपची खरी भीती ही: आजूबाजूचं काढून घेतलं जातं.

'महल'ची (१९४९) गोष्ट तर सगळ्यांना पाठ असेल, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. गाणारी बाई लांबून जवळ येतेय असं वाटायला हवं होतं. रेकॉर्डिंग मोनो, इफेक्ट्सची यंत्रं नाहीत. मग लताबाईंना खोलीच्या एका टोकाला उभं केलं आणि गात गात माइकपर्यंत चालत यायला सांगितलं. रीव्हर्ब, फेडर, प्लगइन, सगळं पायी. :-)

आता पुन्हा रायगडच्या किनाऱ्यावर या. मांडव्याहून खाली अलिबाग, रेवदंडा करत मुरूडला पोचलं की जंजिऱ्याच्या नवाबाचा राजवाडा लागतो. रामसे बंधूंचा 'पुराना मंदिर' (१९८४) तिथे चित्रित झाला. रामसे म्हटलं की आपण हसतो. पण कंपनी म्हणून बघा: तुलसी आणि श्याम दिग्दर्शन करणार, गंगू कॅमेरा सांभाळणार, किरण साऊंड बघणार. अख्खी टीम एका घरातली. पैसा नाही म्हणून सेट नाही, खरा वाडा. पैसा नाही म्हणून राक्षस फार वेळ दाखवायचा नाही, कारण जास्त वेळ दिसला की मेकअप दिसतो. मग भरपाई कशाने? दाराची करकर, वारा, अंधारात निळा-लाल उजेड. स्पीलबर्गचा यांत्रिक शार्क बिघडला म्हणून 'जॉज'मध्ये (१९७५) दोन सुरांवर काम भागवावं लागलं, ते जगभर कौतुकाने सांगितलं जातं. मुरूडचं कोणी सांगत नाही. अर्थात 'जॉज' आणि 'पुराना मंदिर' एका पंक्तीला बसवायचा माझा इरादा नाही. अडचण सारखी होती, एवढंच.

'शोले' (१९७५) मात्र बसवता येतो. गब्बर येतो तेव्हा आधी तो दिसत नाही. बूट दिसतात, आणि दगडावरून फरफटणाऱ्या पट्ट्याचा आवाज येतो. चेहरा येईपर्यंत आपण त्या आवाजाला घाबरून झालेलो असतो. ठाकूरच्या घरातल्या हत्याकांडात झोपाळ्याची करकर आठवा. मंगेश देसाई हे या मिक्सिंगच्या जगातलं मोठं मराठी नाव. परळच्या राजकमलमध्ये, म्हणजे पुन्हा शांतारामांच्याच स्टुडिओत, ते बसायचे. पोस्टरवर अशा माणसांची नावं नसतात, पण आपल्या पोटात गोळा येतो तो त्यांच्यामुळे.

आणि आता 'अग्निपथ'ची खरी गोष्ट, जी मला या सगळ्यात सर्वात महत्त्वाची वाटते.

मुकुल आनंद दिग्दर्शक, प्रवीण भट्ट कॅमेरामन. खालच्या कोनातून घेतलेले शॉट, मागून येणारा उजेड, पडद्यावर न मावणारी माणसं. कॅमेऱ्याने चोख काम केलं. पण अमिताभने आवाज बदलला. घोगरा, घशात अडकलेला, 'गॉडफादर'मधल्या ब्रँडोची आठवण करून देणारा. लहानपणी गाव, बाप आणि शाळा हरवलेला माणूस असाच बोलेल, असा विचार त्यामागे असणार. प्रेक्षकांना काय वाटलं? थिएटरचा साऊंड बिघडलाय! तेव्हाच्या बहुतेक सिंगल स्क्रीनमध्ये साऊंड खरंच बिघडायचा. आवाज गेला की पब्लिक शिट्ट्या मारायची, ओरडायची. त्यामुळे देशातला सर्वात ओळखीचा आवाज वेगळा ऐकू आल्यावर लोकांनी संशय घेतला तो स्पीकरवर. शेवटी नेहमीच्या आवाजात पुन्हा डबिंग करावं लागलं. चित्रपट अपेक्षेइतका चालला नाही. आणि याच भूमिकेसाठी अमिताभला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा त्याचा पहिला.

यात प्रेक्षकाला मूर्ख म्हणून मोकळं होणं सोपं आहे. मला तसं वाटत नाही. पडद्यावर काहीही दाखवा, खालचा कोन, लाल उजेड, प्रेक्षक ते 'दिग्दर्शकाने केलंय' म्हणून घेतो. आवाजाच्या बाबतीत तो तसा सावध नसतो, तो सरळ विश्वास ठेवतो. म्हणून तर करकरणारं दार काम करतं! पण तो विश्वास एकदा डळमळला, 'हे मुद्दाम आहे की मशीन बिघडलंय' असा प्रश्न एकदा पडला, की मग तो कथेत नसतो, प्रोजेक्शन रूमकडे मान वळवून बसलेला असतो. तिथे सस्पेन्स संपला.

२०१२ मध्ये करण मल्होत्राने 'अग्निपथ' पुन्हा केला तेव्हा हा धोका टाळला. हृतिकचा विजय कमी बोलतो. आवाजाची जबाबदारी गावावरच टाकली आहे. हा मांडवा म्हणजे खरं तर दीव (शूटिंग तिथे झालं), पण मिठागरं, पाऊस, वीज आणि एक वडाचं झाड एवढ्यावर तो उभा राहतो. त्या झाडाला मास्तरांना फाशी देतात आणि पोरगा बघत राहतो. त्यानंतर १५ वर्षं झाड पुन्हा कधी दिसेल याची आपण वाट बघतो. शेवटी कांचा तिथेच लटकणार हे आपल्याला पहिल्या अर्ध्या तासात कळलेलं असतं, तरी खुर्ची सोडवत नाही. गेटवे ते मांडवा हे तासाभराचं अंतर लांबवायचं ते असं. माझी तक्रार एकच: संगीत जरा जास्त आहे. अजय-अतुल माझे लाडके, पण काही ठिकाणी नुसता पाऊस पुरला असता.

चारच वर्षांनी, २०१६ मध्ये, त्याच अजय-अतुलचं संगीत असलेल्या 'सैराट'ने सगळा महाराष्ट्र नाचवला. आणि शेवटच्या सीनमध्ये नागराज मंजुळेने आवाजच काढून घेतला. लहान मूल घरात येतं, बघतं, रडतं, आणि ते रडणं आपल्याला ऐकू येत नाही. मी बघितलं त्या शोला मागच्या रांगेतल्या एकाने चिडून हाक मारली, 'ए, साऊंड!' त्याला कोणीच उत्तर दिलं नाही. मग पडद्यावर ते मूल रक्ताची पावलं उमटवत बाहेर निघालं, आणि तोही गप्प झाला.