अद्भुतरम्य कादंबरी, मराठी

प्रणय आणि रहस्य ह्यांची गुंफण असलेला व दूरच्या, अपरिचित किंवा काल्पनिक स्थळी घडणारा कादंबरीप्रकार. नायकनायिकांची ताटातूट, कपटी कारभारी वा मांत्रिक, भुयारे, गुप्त दारे, ओसाड वाडे, बदललेली मुले, खुणेची आंगठी व अखेरीस पुनर्मीलन ही ह्या प्रकाराची ठरीव सामग्री होय. ‘पुढे काय होणार ?’ ही उत्कंठा आणि ‘ही दोघे एकत्र येतील काय ?’ ही ओढ ह्या दोन सूत्रांवर तिची उभारणी होते. मराठीत ह्या प्रकाराचा उगम १८६१ मध्ये झाला. समीक्षकांनी त्याला वारंवार निरोप दिला असला, तरी त्याची वाचकप्रियता रूपे पालटत टिकून राहिली.

पार्श्वभूमी : पश्चिमेकडे ह्या प्रकाराचा आरंभ हॉरेस वॉल्पोलच्या ‘द कॅसल ऑफ ऑट्रँटो’ (१७६४) ह्या कादंबरीपासून मानतात. ॲन रॅडक्लिफने ‘द मिस्टरीज ऑफ उडॉल्फो’ (१७९४) मध्ये इटलीतील डोंगरी गढीत अडकलेली एकाकी तरुणी मध्यवर्ती ठेवली आणि भयाला प्रणयाची जोड दिली. शार्लट ब्राँटेची ‘जेन एअर’ (१८४७) व डॅफ्ने द्यू मोर्येची ‘रिबेका’ (१९३८) ह्यांतून हा सांचा अधिक मनोविश्लेषणात्मक झाला. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर मेरी स्ट्यूअर्टने ग्रीस, लेबानन यांसारख्या देशांत आणि व्हिक्टोरिया होल्टने कॉर्नवॉलच्या किनाऱ्यावरील जुन्या वाड्यांत आपली कथानके घडविली. सिमल्यात जन्मलेल्या एम्. एम्. के ह्या लेखिकेने तर काश्मीरलाच रहस्यकथेची पार्श्वभूमी केले. इंग्रज वाचकाला जे अपूर्व, ते भारतीय वाचकाच्या देशातलेच होते. ‘अपूर्व स्थळ’ ही भूगोलातील वस्तू नसून वाचकाच्या स्थानावर अवलंबून असलेली कल्पना आहे, हे यावरून ध्यानात येते.

मराठी कादंबरीकाराला पाश्चात्त्य आदर्शाबरोबर देशी परंपराही उपलब्ध होती. बाणभट्टाची ‘कादंबरी’, सुबंधूची ‘वासवदत्ता’ आणि दंडीचे ‘दशकुमारचरित’ ह्या संस्कृत गद्यकथांत प्रणय, विरह, योगायोग आणि अद्भुत ह्यांची रेलचेल आहे. ह्या वाङ्‌मयप्रकाराला मराठीत मिळालेले नावच मुळी बाणाच्या कृतीवरून आलेले आहे. आरंभी ‘नावल’ हा शब्दही रूढ होता. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी हाती घेतलेल्या ‘अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी’ ह्या भाषांतराने मराठी वाचकाला बगदादचे खलिफा, जादूची बेटे आणि बंदिस्त महाल ह्यांची गोडी लावली. छापखाने, मासिके आणि ग्रंथालये ह्यांच्या प्रसाराने एकांतात वाचणारा नवा वाचकवर्ग निर्माण होत होता. पुण्यात नगर वाचन मंदिराची स्थापना १८४८ मध्येच झालेली होती.

आरंभकाळ : बाबा पदमनजी (१८३१–१९०६) ह्यांच्या ‘यमुनापर्यटन’ (१८५७) ह्या पहिल्या मराठी सामाजिक कादंबरीत नायिका पतीसह महाराष्ट्रात प्रवास करते आणि ठिकठिकाणच्या विधवांची दुःस्थिती पाहते. येथेही प्रवास आहे. पण तो ओळखीच्या गावांतून होणारा व डोळे उघडणारा आहे. त्यानंतर अवघ्या चार वर्षांनी लक्ष्मण मोरेश्वरशास्त्री हळबे ह्यांची ‘मुक्तामाला’ (१८६१) प्रसिद्ध झाली आणि वाचकांनी पर्यटनाची ही दुसरी वाट अधिक पसंत केली. हळब्यांची ‘रत्नप्रभा’ (१८६६), नारो सदाशिव रिसबूड ह्यांची ‘मंजुघोषा’ (१८६८), केशव लक्ष्मण जोरवेकर ह्यांची ‘विचित्रपुरी’ (१८७०) इ. कादंबऱ्या पाठोपाठ आल्या. ह्या शीर्षकांत एक तर रत्नांच्या वा अप्सरांच्या नावांची नायिका आढळते, किंवा नकाशावर नसलेली नगरी. रामचंद्र भिकाजी गुंजीकर (१८४३–१९०१) ह्यांच्या ‘मोचनगड’ (१८७१) ह्या कादंबरीपासून मराठी ऐतिहासिक कादंबरीचा प्रारंभ मानतात. परंतु शिवकालात वसविलेला तिचा गडही काल्पनिकच आहे. भालचंद्र नेमाडे ह्यांनी पुढे मराठी कादंबरीच्या तीन प्रवृत्ती सांगितल्या, त्यांना ‘यमुनापर्यटन’, ‘मुक्तामाला’ व ‘मोचनगड’ ह्याच तीन कृतींची नावे दिली, हे लक्षणीय होय.

ह्या परंपरेत स्त्रीलेखनाचाही आरंभ दडलेला आहे. साळूबाई तांबवेकर ह्यांची ‘चंद्रप्रभाविरहवर्णन’ (१८७३) ही मराठी लेखिकेची पहिली कादंबरी मानली जाते आणि तिचे वळण ‘मुक्तामाला’ संप्रदायाचेच आहे. पहिल्या पिढीतील लेखिकेला कादंबरीलेखनासाठी स्वतःच्या घरचा अनुभव न निवडता राजकन्येचा विरह निवडावासा वाटला, ही बाब केवळ अनुकरणाची म्हणून सोडून देता येत नाही.

आकर्षणाची मीमांसा : ह्या कादंबऱ्या दूरच्या स्थळी का घडतात, ह्याचे सर्वांत मार्मिक उत्तर त्यांच्याच एका लेखकाने दिलेले आहे. ‘मंजुघोषा’ च्या प्रस्तावनेत रिसबूड ह्यांनी अशा आशयाचे प्रतिपादन केले, की आपल्या समाजातील विवाहाच्या चालीरीती व अन्य कारणे ह्यांमुळे नित्याच्या जीवनात मनोरंजक वाटेल असे फारसे काही घडत नाही. म्हणून रोजचेच लिहावे, तर ते वाचकाला गुंगवीत नाही आणि मनोरंजन साधावयाचे, तर लेखकाला अद्भुताचा आश्रय घ्यावा लागतो. हे विधान पुष्कळदा आरंभीच्या कादंबरीकाराच्या दुबळेपणाची कबुली म्हणून उद्धृत केले जाते. वस्तुतः ते समाजाचे अचूक निदान आहे.

तत्कालीन उच्चवर्णीय मराठी कुटुंबात मुलीचा विवाह तिला समज येण्यापूर्वीच होत असे. विवाहपूर्व परिचय, निवड, नकार, प्रतीक्षा ह्या प्रणयकथेच्या मूलभूत पायऱ्यांना प्रत्यक्ष जीवनात जागाच नव्हती. विधवाविवाहाचा कायदा १८५६ मध्ये झाला, तरी तो आचरणात आणणारे विरळा. संमतिवयाच्या १८९१ च्या कायद्याने हे वय दहावरून बारा केले, तेव्हा त्याविरुद्ध केवढे वादळ उठले, हे सर्वश्रुत आहे. अशा परिस्थितीत परस्परांना स्वेच्छेने वरणारी दोन प्रौढ माणसे पुण्याच्या वाड्यात वा कोकणातल्या घरात दाखविणे एक तर असत्य ठरले असते किंवा अनाचाराचा पुरस्कार. तीच माणसे कोण्या अज्ञात राजाच्या नगरीत नेली, की दोन्ही आक्षेप गळून पडत. गांधर्वविवाह व स्वयंवर ह्यांची पुराणमान्य स्मृती तेथे लेखकाच्या मदतीला येई. दूरचे स्थळ ही त्या काळी सजावट नव्हती; ती एक परवानगी होती.

रहस्याचेही असेच आहे. ह्या कथांतील भय सहसा परक्याचे नसते. ते घरातलेच असते. पालक म्हणविणारा चुलता, विश्वासू कारभारी, आप्त म्हणून वावरणारा लोभी माणूस ह्यांच्याकडून नायिकेला धोका असतो आणि तिला कोंडणारी जागा बहुधा मोठे, प्रतिष्ठित घरच असते. ज्या वाचक स्त्रियांना स्वतःच्या सासरविषयी उघड बोलण्याची मुभा नव्हती, त्यांना ही भाषा समजण्यास अडचण पडली नसावी. शेवटी दार उघडते, कपट उघडकीस येते आणि नायिकेने सांगितलेले खरे ठरते, हा क्रम ह्या प्रकारात क्वचितच चुकतो. सर्व काही चमत्काराने घडत असले, तरी न्यायाची ही अपेक्षा मात्र चमत्कारिक नाही.

रेनल्ड्झ संप्रदाय : एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जी. डब्ल्यू. एम्. रेनल्ड्झ (१८१४–७९) ह्या इंग्रज कादंबरीकाराचा मराठी वाचकांवर फार मोठा प्रभाव पडला. स्वदेशी समीक्षकांनी उपेक्षिलेला हा लेखक भारतात कमालीचा लोकप्रिय ठरला. सरदारवर्गाच्या महालांतील पापे आणि लंडनच्या गल्ल्यांतील गुन्हेगारी ह्यांची सांगड घालणारी त्याची कथानके एकापुढे एक पेच टाकीत जातात. हरि नारायण आपटे (१८६४–१९१९) ह्यांच्या ‘मधली स्थिती’ (१८८५) ह्या पहिल्या कादंबरीलाही रेनल्ड्झच्या कृतीचा आधार आहे. मात्र आपट्यांनी पुढे ‘पण लक्षांत कोण घेतो ?’ (१८९०–९३) लिहून बंदिस्त स्त्रीची तीच कथा पुण्यामुंबईच्या घरांत, भुयारांवाचून आणि सुखान्तावाचून सांगितली. ह्या दृष्टीने पाहता वास्तववादी मराठी कादंबरी ही अद्भुतरम्य कादंबरीची केवळ विरोधक नव्हे, तर तिच्या प्रश्नांची वारसदारही ठरते.

रेनल्ड्झचा खरा मराठी अवतार नाथमाधव आणि दातार ह्या दोघांनी घडविला. नाथमाधव (द्वारकानाथ माधव पितळे, १८८२–१९२८) हे शिकारीच्या वेळी सिंहगड परिसरात कड्यावरून पडून जायबंदी झाले. अंथरुणास खिळलेल्या अवस्थेत त्यांनी विपुल वाचन केले आणि नंतर लेखनास आरंभ केला. त्यांची ‘वीरधवल’ (१९१३) ही कादंबरी अनेक पिढ्यांनी वाचली. गड, दऱ्या, घोडदौड आणि गुप्त मार्ग ह्यांनी भरलेले हे जग हिंडण्याफिरण्यास पारख्या झालेल्या लेखकाने उभे केले आहे, ही गोष्ट कृतीच्या मूल्यमापनात येत नसली, तरी तिच्यातील वेगाचे मर्म काहीसे उलगडते. गोविंद नारायणशास्त्री दातार (१८७३–१९४१) ह्यांनी ‘अधःपात’, ‘बंधुद्वेष’, ‘कालिकामूर्ति’, ‘इंद्रभुवनगुहा’, ‘विलासमंदिर’ इ. कादंबऱ्यांत रेनल्ड्झच्या कथानकांना इतका देशी पेहराव चढविला, की मूळ परके असल्याची शंका वाचकास येऊ नये. विलायती उमरावाच्या जागी संस्थानिक वा सरदार आणि मठाच्या जागी देवालय आले. प्रणयाला कुलशीलाच्या मर्यादा आल्या. हे रूपांतर म्हणजे स्वैर भाषांतर नव्हे. एका समाजाची भीती दुसऱ्या समाजाच्या भीतीत बदलून घेण्याचे ते कौशल्य आहे.

उत्तरकालीन रूपे : विसाव्या शतकाच्या दुसऱ्या चतुर्थकापासून मराठीत रहस्यकथा प्रणयकथेपासून काहीशी अलग झाली. बाबूराव अर्नाळकर (१९०६–९६) ह्यांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. ‘झुंजार’ आणि ‘काळा पहाड’ ही त्यांची पात्रे घरोघरी पोहोचली. नारायण धारप (१९२५–२००८) ह्यांनी भय आणि अतिमानुष ह्यांच्या आधारे ओसाड वाड्याला नवे आयुष्य दिले. शशी भागवत ह्यांनी ‘मर्मभेद’ सारख्या कादंबरीतून नाथमाधव-दातारांची राजदरबारी, कटकारस्थानांची परंपरा जाणीवपूर्वक पुढे नेली.

चित्रपटाने प्रणय आणि रहस्य ह्यांचा जुना संयोग पुन्हा घडवून आणला. जयंत देवकुळे ह्यांच्या ‘आशा परत येते’ ह्या कादंबरीवरून राजा परांजपे ह्यांनी ‘पाठलाग’ (१९६४) हा चित्रपट दिग्दर्शित केला. दिवंगत पत्नीशी तंतोतंत साम्य असलेली स्त्री न्यायालयात उभी राहते आणि पती असलेला वकील संभ्रमात पडतो, हे त्याचे मध्यवर्ती सूत्र होय. ह्याच कथेवरील ‘मेरा साया’ (१९६६) ह्या हिंदी चित्रपटाने कथानक उदयपूरच्या महालांत व सरोवराकाठी नेले. त्याच सुमारास ‘रिबेका’ वर आधारलेला ‘कोहरा’ (१९६४) हा हिंदी चित्रपटही आला. मृत पत्नीची सावली पडलेले घर कॉर्नवॉल, महाराष्ट्र आणि राजस्थान अशा तिन्ही ठिकाणी सारखेच ओळखीचे वाटले, हे उल्लेखनीय आहे.

मूल्यमापन : काशिनाथ बाळकृष्ण मराठे ह्यांनी १८७२ मध्येच ‘नावल व नाटक’ ह्यांविषयीच्या निबंधात तत्कालीन कादंबऱ्यांचा परामर्श घेतला. वि. का. राजवाडे ह्यांचा ‘कादंबरी’ (१९०२) हा निबंध आणि कुसुमावती देशपांडे ह्यांचे ‘मराठी कादंबरी : पहिले शतक’ (१९५३-५४) हे विवेचन ह्या विषयाच्या अभ्यासात मोलाचे आहेत. समीक्षेचा एकूण कल वास्तवाच्या बाजूचा राहिला आणि त्यास कारणेही आहेत. व्यक्तिरेखांचा सपाटपणा, योगायोगांची भरमार, अलंकारप्रचुर भाषा आणि कष्टकरी समाजाचा जवळजवळ संपूर्ण अभाव हे ह्या कादंबऱ्यांचे दोष उघड आहेत. तथापि त्यांच्या अद्भुताला केवळ पलायन म्हणणे अपुरे आहे. जे जीवनात वर्ज्य होते, त्याची वाचकाच्या मनात पूर्वतयारी करण्याचे काम ह्या काल्पनिक नगऱ्यांनी केले. स्वतःचा जोडीदार निवडणारी स्त्री मराठी वाचकाने प्रथम तेथे पाहिली. ती आपल्या गल्लीत दिसू लागली, ती पुष्कळ नंतर.

विवाहविषयक बंधने शिथिल झाल्यावर ह्या प्रकाराचे प्रयोजन संपावयास हवे होते. तसे झाले नाही. ह्याचे एक कारण स्थळाच्या ओढीत आहे. चाकणचा भुईकोट, संग्रामदुर्ग, १६६० मध्ये फिरंगोजी नरसाळ्याने शायिस्ताखानाच्या वेढ्यात सुमारे दोन महिने लढविला. आज त्या परिसरात मोटारींचे कारखाने आणि कामगारवस्त्या आहेत व किल्ल्याचे मोजके अवशेष त्यांच्या शेजारी उभे आहेत. पिंपरी-चिंचवड ते चाकण ह्या पट्ट्यात ज्यांचा दिवस घड्याळाने व पाळीने बांधलेला असतो, त्यांनाही तटाआडच्या भुयाराचे कुतूहल असतेच. बंधनाचे स्वरूप पालटते; बंधनापलीकडच्या जागेची ओढ राहते. अद्भुतरम्य कादंबरी ह्या ओढीला स्थळ, नाव आणि शेवट देते. तिच्या चिरंजीवित्वाचे कारण तिच्या चमत्कारांत शोधण्यापेक्षा ह्या ओढीत शोधणे अधिक युक्त ठरेल.