लोकर विंचरणाऱ्याचं घराणं: आइसे आइसिंगाचा कागदोपत्री माग

राजांच्या आणि सरदारांच्या वंशावळी आपल्याला तयार मिळतात, कारण त्या लिहून ठेवण्यात कोणाचा तरी फायदा होता. पण दोनशे वर्षांपूर्वीच्या एका कारागिराचं घराणं शोधायचं असेल तर काय करायचं? आज आपण नेदरलँड्समधलं एक उदाहरण घेऊ. माणसाचं नाव आइसे आइसिंगा. जन्म १७४४, मृत्यू १८२८. धंदा लोकर विंचरण्याचा.

हे नाव काहींनी ऐकलं असेल. फ्रीसलंड प्रांतातल्या फ्रानेकर गावी आपल्या राहत्या घराच्या छताला त्यानं सूर्यमाला टांगली. १७७४ ते १७८१ अशी सात वर्षं तो कामधंदा सांभाळून लाकडी चक्रं आणि हाती केलेले खिळे जुळवत होता. ते यंत्र आजही चालतं. २०२३ मध्ये युनेस्कोनं त्याला जागतिक वारसा ठरवलं. पण आज आपला विषय ते यंत्र नाही, त्या घरातली माणसं आहेत.

सुरुवात नावापासून करू. त्या काळी फ्रीसलंडमध्ये बहुतेक सामान्य लोकांना कायमचं आडनाव नसे. स्वतःचं नाव आणि पुढे बापाचं नाव, एवढंच. आपल्याला हे समजायला जड नाही, आपणही मध्ये वडिलांचं नाव लावतोच. आइसेचं नाव 'आइसे येल्तेस', म्हणजे येल्तेचा आइसे. वडील 'येल्ते आइसेस', म्हणजे आइसेचा येल्ते. एवढ्या दोन नावांवरून आजोबाचं नाव हाती लागलं: आइसे. आता खाली या. आइसेची बायको पीत्ये याकोब्स, लग्न १७६८ चं. त्यांच्या दोन मुलांची नावं येल्ते आणि याकोबस. एकाला बापाच्या बापाचं नाव, दुसऱ्याला आईच्या बापाचं. आजी-आजोबांची नावं नातवंडांना ठेवायची ही तिथली रीत. म्हणजे नुसती नावं शेजारी शेजारी मांडली तरी चार पिढ्यांचा सांगाडा उभा राहतो.

इथंच सावध राहायला हवं. एका तालुक्याएवढ्या भागात 'येल्ते आइसेस' नावाचे दोन-तीन जण असू शकतात. म्हणून नुसत्या नावावर विसंबायचं नाही. गाव, धंदा आणि जोडीदाराचं नाव, या तिन्ही गोष्टी जुळल्या तरच माणूस तोच धरायचा. आपल्या उदाहरणात गाव द्रोनराइप आणि धंदा लोकर विंचरण्याचा. बापाचाच धंदा मुलानं पुढे नेला, त्यामुळे धंदा हाच मोठा दुवा ठरतो.

मग कागद कोणते? १८११ च्या आधीचे कागद मुख्यतः चर्चचे आहेत: बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांच्या वह्या. फ्रीसलंडमध्ये मेनोनाइट पंथाचे लोकही बरेच होते. त्यांच्यात बाप्तिस्मा मोठेपणी व्हायचा, त्यामुळे त्या नोंदीवरून जन्मवर्ष काढायला गेलात तर फसगत होते.

१८११ मध्ये चित्र पालटलं. देश तेव्हा नेपोलियनच्या साम्राज्यात होता. सरकारी जन्म-विवाह-मृत्यू नोंदणी सुरू झाली आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये हुकूम निघाला की ज्यांना आडनाव नाही त्यांनी ते नोंदवावं. फ्रीसलंडमधल्या या आडनाव-नोंदींत कुटुंबप्रमुखाबरोबर मुलं-नातवंडं, त्यांची वयं आणि राहण्याचं ठिकाण असं सगळं सापडतं. संशोधकाला यासारखी सोय नाही. दर दहा वर्षांच्या नावांची सूचीही केलेली असते. पण सगळ्यांत भरघोस माल विवाहाच्या पुरवणी कागदांत मिळतो. नवरा-नवरीला जन्माचा दाखला द्यावा लागे, आईबाप वारले असतील तर त्यांच्या मृत्यूचा दाखला, आणि मुलाला लष्करी भरतीचा कागद. एका लग्नाची फाईल उघडली की दोन घराणी समोर येतात.

पुढे १८५० पासून गावोगावी लोकसंख्येच्या नोंदवह्या सुरू झाल्या. त्यांत घरात कोण राहतं, कुठून आलं, कुठं गेलं हे लिहिलेलं असतं.

आता आइसेकडे परत येऊ, कारण त्याच्या आयुष्यात एक जागा अशी आहे जिथे घरचा माग तुटतो. तो देशभक्त पक्षाचा होता, म्हणजे स्टॅडहाउडर विल्यम पाचव्याच्या विरोधातला. १७८७ मध्ये प्रशियाचं सैन्य आलं, विल्यमची सत्ता परत बसली आणि आइसे पळाला. आधी सीमेपलीकडे जर्मन मुलखात ग्रोनाउला. मग ग्रोनिंगेन प्रांतातल्या विस्फ्लीट गावी. तिथं पोटासाठी पुन्हा लोकरच विंचरली. इकडे पीत्ये वारली. १७९१ मध्ये त्याला अटक झाली आणि नंतर फ्रीसलंडमधून हद्दपारीची शिक्षा. १७९२ मध्ये त्यानं दुसरं लग्न केलं, विस्फ्लीटच्या त्राइन्त्ये एल्केस सिकेमाशी. सत्ता बदलल्यावर १७९५ नंतर तो परतला.

हे आपल्याला महत्त्वाचं का? फ्रानेकरच्याच वह्या चाळत बसलो असतो तर पहिल्या बायकोनंतर हा माणूस गायब होतो आणि काही वर्षांनी दुसरीच बायको घेऊन उगवतो. मधला काळ समजतो तो न्यायालयाच्या कागदांतून आणि शेजारच्या प्रांतातून. गरीब माणूस सरकारपुढे येतो तो कर, लग्न, भरती, खटला अशा निमित्तानं. तिथंच त्याला शोधायचं. आणि पीत्येसारखी बाई? ती बहुतेक नवऱ्याच्या, बापाच्या किंवा मुलांच्याच नोंदीत सापडते. म्हणून तिच्या नावासाठी प्रत्येक कागद दुसऱ्यांदा वाचायचा.

शेवटी एक कागद असा की तो सरकारनं मागितलेला नव्हता. १७८४ मध्ये आइसेनं आपल्या यंत्राचं सविस्तर वर्णन हातानं लिहून ठेवलं, येल्ते आणि याकोबससाठी. आपल्यामागे मुलांना यंत्र चालवता यावं, दुरुस्त करता यावं म्हणून. पुढे १८२५ मध्ये सरकारनं घर यंत्रासकट दहा हजार गिल्डरना विकत घेतलं, म्हातारा तिथंच राहिला आणि त्याच्यानंतर याकोबसनं देखभाल केली. म्हणजे ते लिखाण ज्याच्यासाठी होतं त्याच्या कामी आलं.

तुमच्या घरात सुतार, शिंपी, सोनार, कोणी कारागीर होऊन गेले असतील तर त्यांच्या हिशेबाच्या वह्या आणि मापांचे कागद रद्दीत घालण्याआधी एकदा उघडून बघा. पुढच्या पिढीतला कोणी त्यांचा माग काढायला निघाला, तर त्याला तेवढंच हाती लागेल.

आता प्रश्न घेऊ.